तारा आणि डहाळी

लोरेआत्याच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला फोल्कमार आपलं पिस्तूल घेऊन आला, याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याने ते जेवणाच्या टेबलावर, लाल कोबीच्या भांड्याशेजारी ठेवलं याचं. हिरव्या मखमलीची पेटी होती, आत पिस्तुलाच्या आकाराचा खळगा होता, आणि झाकणाला पितळी कड्या होत्या. आत्याने पेटीकडे पाहिलं, मग भांड्याकडे पाहिलं आणि भांडं दुसरीकडे सरकवलं.

"मांस येतंय," ती म्हणाली. "त्याला जागा लागेल. याला जेवायला घालायचंय का?"

सगळे हसले. इर्मट्राउटही हसली, पण तिचं लक्ष खिडकीशी बसलेल्या बाबांकडे होतं. आल्विन वेनर्ट सकाळपासून तिथेच बसले होते. त्यांच्या मांडीवर जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेलं दुसरं पिस्तूल होतं. त्याला ना पेटी होती ना मखमल. पूर्व जर्मनीतल्या सूल गावी, त्यांच्या घरी, ते नेहमी याच टॉवेलमध्ये राहिलं होतं, कपाटाच्या वरच्या फळीवर, हिवाळी चादरींच्या मागे.

दोन्ही पिस्तुलं बनवली होती आल्विनच्या पणजोबांनी, कास्पर वेनर्टनी. प्रशियाच्या घोडदळाला ठासणीची पिस्तुलं हवी होती. कंत्राट देण्याआधी राजाच्या माणसांनी नमुने मागितले. कास्परनी दोन करून दाखवली, कंत्राट मिळालं, गाड्या भरभरून माल गेला आणि नमुने तेवढे घरी परत आले. पुढे एक आल्विनकडे आलं, एक त्यांच्या भावाकडे, राइनहोल्डकडे. राइनहोल्ड पश्चिमेला पळाला आणि कासेलला वारला. त्याचं पिस्तूल आता त्याच्या मुलाकडे, म्हणजे फोल्कमारकडे होतं. बर्लिनची भिंत पडली, सीमा उघडली, आणि इतकी वर्षं एकमेकांना फक्त नाताळची कार्डं पाठवणारं हे कुटुंब पुन्हा एका टेबलाशी बसू लागलं. बसू लागलं म्हणून भांडूही लागलं.

आजचं निमित्त वेगळं होतं. गावच्या बंदुकांच्या संग्रहालयाला नव्या दालनात कास्पर वेनर्टचा एक नमुना लावायचा होता. काचेत, दिव्याखाली, खाली नावाची पाटी. एकच हवा होता. कुठला द्यायचा ते कुटुंबाने ठरवून उद्या सांगायचं होतं.

ही पाटी आल्विनना हवी होती. तोंडाने त्यांनी कधी म्हटलं नाही, पण इर्मट्राउटला ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात बंदुकांचे दस्ते कोरले. अक्रोडाचं लाकूड त्यांच्या हातात लोण्यासारखं वळायचं. त्या गावात एवढ्या बंदुका झाल्या आणि वेनर्ट हे नाव कुठेही लिहिलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ते न्हाव्याकडे जाऊन आले होते. बायकोच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

"तर मग," फोल्कमारने हात चोळले, "जेवणाआधी उरकून टाकूया का?"

"जेवणानंतर," आत्या म्हणाली.

"आत्या, दोन मिनिटांचं काम आहे. यात वाद असा नाहीच."

तिथेच इर्मट्राउट सावध झाली. ती जिल्ह्याच्या दवाखान्यात परिचारिका होती, डॉक्टरांचा आवाज ओळखायची. वाईट बातमी सांगायच्या आधी ते असेच हात चोळायचे.

फोल्कमारने पेटी उघडली. तो माणूस वाईट नव्हता, पण त्याला ऐकणारे मिळाले की त्याची जीभ सुटायची. "हे बघा. ओळखायचं कसं, तर मुकुटावरून. कंत्राटातल्या प्रत्येक पिस्तुलाच्या प्रत्येक भागावर राजाच्या तपासनिसाचा छोटा मुकुट ठोकलेला असतो. नळीवर, कळीवर, नळी बांधणाऱ्या कड्यावर, इतकंच काय स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. नमुन्यावर तो नसतो, कारण नमुना सैन्यात गेलाच नाही. बाजारात लोक मुकुट शोधतात. मी मुकुट नसलेलं शोधतो."

"पोरा, तू ते शोधलं नाहीस," आत्या म्हणाली. "तू त्याच्यावर झोपून आलास. तुझ्या आईने बाबागाडीत गादीखाली घातलं होतं ते. सीमेवरच्या शिपायाने तुझ्या गालाला हात लावला आणि तू त्याच्या अंगावर ओकलास, म्हणून त्याने गादी उचलली नाही."

फोल्कमारची बायको गिजेला खो खो हसली. हा भाग तिला नवऱ्याने कधी सांगितला नव्हता.

"ते असो," फोल्कमार म्हणाला. "मुद्दा हा की हे जसं बनलं तसंच आहे. याचे स्क्रू कधी हलवलेलेच नाहीत. खाचा बघा, काल कापल्यासारख्या. आणि कळीच्या कडेला बघा, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये ही पिवळट रेघ. कासेलच्या जाणकारांनी लेखी दिलंय मला, हे मूळ वंगण आहे, कारखान्यातलं. म्हणजे आजवर कुणी उघडलंच नाही. आम्हा संग्राहकांमध्ये न उघडलेल्या पिस्तुलाचा स्क्रू फिरवणं म्हणजे पाप."

घोडा, त्याखालची स्प्रिंग आणि ते सगळं धरून ठेवणारी पोलादी पट्टी, या सगळ्याला मिळून सूलमध्ये कळ म्हणतात. दोन स्क्रू काढले की ती दस्त्यातून अख्खी बाहेर येते.

"आणि बाबांचं?" इर्मट्राउटने विचारलं.

फोल्कमारने एगॉनकडे पाहिलं. एगॉन म्हणजे इर्मट्राउटचा थोरला भाऊ. कारखाना बंद पडल्यापासून तो घरी बसून होता, आणि फोल्कमारने त्याला कासेलच्या टायरच्या दुकानात काम देतो म्हणून सांगितलं होतं. एगॉन आपल्या ताटाची नक्षी बघू लागला.

"काका," फोल्कमार म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी मी आलो होतो, तेव्हा तुम्ही मला तुमचं पिस्तूल तेल घालायला दिलंत. आठवतंय? तेव्हा मी कळ काढली होती. पूर्वी कारागीर एका पिस्तुलाचे सगळे भाग ओळखू यावेत म्हणून आतल्या बाजूला एकच खूण करायचे. तुमच्या नळीखाली तारा आहे. दस्त्यात तारा आहे. कड्यावर तारा आहे. कळीवर तारा नाही. कळीवर झाडाची डहाळी आहे, आपल्या जंगलातल्या झाडासारखी, तीन रेघांची. ती कळ दुसऱ्या कुठल्या तरी पिस्तुलाची आहे. आमच्यात याला लग्न लावलेलं पिस्तूल म्हणतात."

"लग्न?" आत्या म्हणाली.

"दोन घरचं एकत्र केलेलं. संग्रहालयाला असलं नको असतं."

आल्विननी टॉवेल थोडा घट्ट धरला. "ती कळ पहिल्यापासून आहे," ते म्हणाले.

"काका, तसं असूच शकत नाही."

"मग काय झालं असेल?" इर्मट्राउटने विचारलं. तिला माहीत होतं काय ते. ईस्टरला तिच्या एका चुलत बहिणीने बाजारात तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आज तिला ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. "बोल ना. इकडेतिकडे सांगतोस ते इथे सांग."

फोल्कमारचे कान लाल झाले. "वाईट दिवस होते ते. मी कुणाला दोष देत नाही. परदेशी पैसे घेऊन फिरणारे दलाल होते, जुन्या कळीला चांगली किंमत द्यायचे. काकांनी मूळ कळ विकली असेल आणि भंगारातली बसवली असेल. मुलं लहान होती. मी तरी तेच केलं असतं."

हा मोठेपणा सगळ्यात वाईट होता. शिवी दिली असती तर परवडलं असतं.

आल्विन उठले नाहीत, ओरडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मी काही विकलं नाही." आणि मग इर्मट्राउटकडे बघितलं.

ती खाली बघू लागली. हीच तर तिची पंचाईत होती. ईस्टरपासून तिला झोप नव्हती. ती अकरा-बारा वर्षांची असताना, साखरसुद्धा कूपनवर मिळायची त्या दिवसांत, एका संध्याकाळी बाबा लाल, मोत्यासारखं चकाकणारं अकॉर्डियन खांद्यावर टाकून घरी आले होते. त्याचे पैसे कुठून आणले ते कधीच बोलले नाहीत. ते अकॉर्डियन अजून तिच्या घरी होतं. ईस्टरनंतर तिने ते एकदाही वाजवलं नव्हतं.

"दादा," ती एगॉनला म्हणाली, "तू काही बोलणार आहेस का?"

"मी काय बोलू?" एगॉन म्हणाला. "फोल्कमारला यातलं कळतं. आपल्याला कळत नाही."

"आपण वेनर्ट आहोत."

"मी यंत्रावर काम करायचो, ट्राउडे. बाबा लाकडावर. कळीला आपल्या घरात आजोबांनंतर कुणी हात लावला नाही. हा नियमच होता ना?"

तो होताच. सूलमध्ये नळीवाले वेगळे, कळीवाले वेगळे, दस्तेवाले वेगळे. एकाने दुसऱ्याचा स्क्रू सोडवणं म्हणजे शेजाऱ्याच्या चुलीवरचं झाकण उघडून बघण्यासारखं. आल्विननी जन्मात एक कळ काढली नव्हती. त्यांना कळी आणि लाकडामधली फट तेवढी दिसायची. नखाएवढी बारीक, पण होती. चांगल्या हाताने कोरलेल्या दस्त्यात ती नसते. लाकूड आक्रसलं असेल, असं ते स्वतःला सांगायचे. पणजोबांचा हात चुकला असेल हे त्यांना म्हणवायचं नाही. कुणी बघत नाही असं वाटलं की ते त्या फटीवरून अंगठा फिरवत बसायचे, हे इर्मट्राउटने लहानपणापासून पाहिलं होतं.

आत्या स्वयंपाकघरातून बटाट्याच्या गोळ्यांचं भांडं घेऊन आली. वाफ तिच्या चष्म्यावर बसली होती. तिने भांडं ठेवलं, चष्मा पुसला, आणि टेबलावरच्या मखमली पेटीत डोकावून बघितलं.

"काय म्हणालास मगाशी? हे कधी उघडलंच नाही?"

"कधीच नाही, आत्या."

"मी उघडलंय."

फोल्कमार हसला. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं हसून घ्यायचं असतं तसा.

"दात काय दाखवतोस?" आत्या म्हणाली. "मी उघडलंय म्हणते ना. लढाई संपली तेव्हा अमेरिकन आले. कर्ण्यातून ओरडत फिरले, घरातली सगळी हत्यारं चौकात आणून टाका, नाहीतर गोळी घालू. लोकांनी आजोबांच्या शिकारी सुऱ्यासुद्धा आणल्या. गाडी फिरवली त्यांनी वरून. तुझा बाप कैदेत, हा आल्विन कैदेत, घरात मी आणि आई. मी काय करू? दोन्ही पिस्तुलं सुटी केली. लाकूड सरपणात खुपसलं. आणि लोखंड," तिने गोळ्यांवर रस्सा ओतायला सुरुवात केली, "लोखंड तळघरात, डुकराच्या चरबीच्या बादलीत."

फोल्कमारने पेटीतल्या पिवळट रेघेकडे बघितलं.

"चरबीच्या," फोल्कमार म्हणाला.

"मग कशाच्या? गंज लागला असता. चांगली चरबी होती, कांदा घातलेली. अमेरिकन गेले, रशियन आले. त्यांनी बादली बघितली, एकाने बोट घालून चाटलंसुद्धा. पण खाली हात घातला नाही."

गिजेलाने हळूच वाकून पेटीतल्या पिस्तुलाचा वास घेतला. "फोल्कमार," ती म्हणाली, "ते मूळ वंगण."

"गिजेला, गप्प बस."

"मी तुला नेहमी म्हणते, तुझ्या कपाटाला स्वयंपाकघराचा वास येतो."

एगॉनला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात घातलं. पण इर्मट्राउटच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "आत्या, परत कुणी जोडली?"

"मीच. पोरं कैदेतून सुटून आली त्या नाताळात. कळीवाल्याची पोर आहे मी, आमच्या वडिलांचे स्क्रूड्रायव्हर होते माझ्याकडे, बरोब्बर त्याच खाचांसाठी घासलेले. एकही खाच बिघडवली नाही. दोन्ही जोडली, कागदात बांधली, दोघांच्या ताटाशेजारी ठेवली. तुझा बाप रडला होता."

"खुणा बघून जोडलीस?"

आत्या थांबली. रश्श्याचा डाव तिच्या हातात तसाच राहिला. "कसल्या खुणा? दिवा नव्हता गं तळघरात. सगळं चरबीने माखलेलं. बसलं ते बसवलं. कळी दोन्ही सारख्याच दिसतात."

ती जाऊन आपल्या खुर्चीत बसली. तिच्या लक्षात यायला लागलं होतं, आणि पंच्याऐंशी वर्षांच्या बाईचा चेहरा असा भरकन उतरलेला बघवत नव्हता.

फोल्कमारने मान हलवली. "आत्या, मनाला लावून घेऊ नका. पण यातून काही सिद्ध होत नाही. कास्परच्या कारखान्यातून शेकड्यांनी पिस्तुलं गेली. डहाळीची खूण त्यातल्या कुठल्याही पिस्तुलावर असेल. काकांची कळ कंत्राटातल्या मालातली असेल, पुढे बाजारात आलेली."

"मुकुट," इर्मट्राउट म्हणाली.

"काय?"

"तूच म्हणालास. कंत्राटातल्या प्रत्येक भागावर मुकुट असतो, स्क्रूवरसुद्धा. बाबांच्या कळीवर मुकुट आहे का?"

फोल्कमार उठला, आल्विनपाशी गेला. पहिल्यांदाच त्याने विचारून हात पुढे केला. आल्विननी टॉवेल उलगडला. फोल्कमारने पिस्तूल खिडकीच्या उजेडात धरलं, खिशातून भिंग काढलं आणि खूप वेळ बघत राहिला. खरं तर एवढा वेळ लागायचं कारण नव्हतं. जे नाही ते बघायला वेळ लागत नाही.

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे ती कंत्राटातली नाही," इर्मट्राउट म्हणाली. "म्हणजे ती नमुन्यातली आहे. नमुने किती होते?"

"दोन."

"मग दुसरा उघडूया."

"नाही." फोल्कमारने पेटीवर हात ठेवला. "ट्राउडे, तुला कळत नाही. एकदा स्क्रू फिरवला की संपलं. नंतर न उघडलेलं म्हणता येत नाही मला."

"ते चरबीत बुडलं होतं, फोल्कमार," गिजेला म्हणाली. "कांद्यासकट."

"हे आपण कासेलला बोलू."

"कासेलला कशाला? इथे बोल." गिजेलाने आपली खुर्ची सरळ इर्मट्राउटच्या बाजूला सरकवली. या बाईचं आणि इर्मट्राउटचं तीन वर्षांत हवापाण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. "सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलंस तू. मी शेजारी बसून ऐकत होते आणि मला बरं वाटत नव्हतं. एका म्हाताऱ्या माणसाचं नाव खराब करायला तुला स्क्रू फिरवावा लागला, तेव्हा पाप नव्हतं. आता पाप झालं का?"

फोल्कमारने मदतीसाठी एगॉनकडे बघितलं. एगॉनने काटा खाली ठेवला. "उघड," तो म्हणाला. "आणि टायरच्या दुकानाचं राहू दे. मला वाटतं मी इथेच काहीतरी बघेन."

पेटीवरचा हात निघाला.

आत्याने शिवणाच्या डब्यातून वडिलांचा स्क्रूड्रायव्हर आणला. मूठ नासपतीच्या लाकडाची, वापरून काळी झालेली. तिच्या बोटांना आता कंप होता. आल्विननी हात मागे घेतले, त्यांच्याने हे होणं शक्य नव्हतं. फोल्कमार तर भिंतीकडे तोंड करून उभा होता. इर्मट्राउटने पदार्थांची भांडी बाजूला केली, स्वच्छ रुमाल पसरला आणि पिस्तूल त्यावर आडवं ठेवलं. हजारो हातांत सुया टोचलेला तिचा हात, पण आज तो स्क्रूपाशी येऊन थांबला.

कारण पेटीतल्या कळीवर डहाळी निघाली तर? एका खुणेची चार पिस्तुलं असतील, चाळीस असतील. कास्परला काय माहीत होतं, पुढे कुणी मोजणार आहे म्हणून. डहाळी निघाली तर बाबा खोटे ठरणार होते, आणि ते तिच्याच हाताने ठरणार होते. तिने वर बघितलं. बाबा तिच्याकडेच बघत होते, शांतपणे. त्यांना काय निघणार ते माहीत होतं. लोखंडातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आपण काय केलं नाही एवढं त्यांना ठाऊक होतं.

पहिला स्क्रू फिरला. अगदी सहज. दुसराही. तिने घोडा अर्धा मागे ओढला, पट्टीखाली नख घातलं आणि कळ अलगद तिच्या तळहातात आली. आतून पिवळट, मऊ, जुनी चरबी. तिने रुमालाच्या टोकाने पुसली.

तारा होता.

पाच टोकांचा, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि एक टोक थोडं वाकडं. तिने पिस्तूल उलटं केलं आणि दस्त्यातल्या रिकाम्या खाचेत बघितलं. अक्रोडाच्या लाकडात तीन रेघांची डहाळी.

तिने कळ उचलून बाबांच्या हातात दिली.

आल्विननी ती उजेडात धरली. मग हळूहळू त्यांच्या ओठांचे कोपरे हलू लागले. "फोल्कमार," ते म्हणाले, "वळ इकडे. बघ. तुझंही लग्न लावलेलंच आहे."

फोल्कमार वळला आणि बघत राहिला. मग तो आपणहून बसला, दुसरा स्क्रूड्रायव्हर मागितला आणि काकांच्या पिस्तुलाची कळ काढली. त्याचे हात चांगले होते, हे कबूल करायला हवं. डहाळीची कळ त्याने आपल्या दस्त्यात ठेवली आणि ताऱ्याची इर्मट्राउटने बाबांच्या दस्त्यात. दाबावं लागलं नाही. खट्‌ असा एकच आवाज आला, मग दुसऱ्याचा तसाच. डब्याचं झाकण बसावं तसं बसलं.

आल्विननी अंगठा कळीच्या कडेवरून फिरवला. परत फिरवला. मग उलट्या बाजूने.

"फट नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"माझ्या पणजोबांचा हात चुकला नव्हता." हे म्हणताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायको गेली तेव्हाही इर्मट्राउटने त्यांना रडताना बघितलं नव्हतं. "लाकूड आक्रसलं नव्हतं, ट्राउडे. हे बघ. केस जात नाही आत."

आत्या दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती. आल्विन उठून तिच्याकडे गेले. "ताई, रडू नकोस. तू नसतीस तर दोन्ही चौकात गाडीखाली गेली असती. उलटी बसवलीस, पण वाचवलीस ना?"

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली रे," ती म्हणाली. "मी तुला परक्याचं सामान देऊन ठेवलं."

"परक्याचं कुठे? राइनहोल्डचं होतं."

फोल्कमारने घसा साफ केला. "काका, मला माफ करा. आणि संग्रहालयात तुमचंच जाऊ दे."

"दोन्ही जातील," आल्विन म्हणाले. "एकाच काचेत. तुझ्या बापाचंही नाव पाटीवर येईल. त्यांना एक हवं असेल तर त्यांनी दुसरीकडे बघावं."

"दोन्ही नमुने एका ठिकाणी, जोडी पूर्ण," फोल्कमार म्हणाला, आणि त्याच्यातला संग्राहक नकळत उजळला. "असं कुठेच नाही. काका, असं कुठेच नसेल." मग तो थोडा ओशाळला. "आणि तुम्ही मला माफ केलंत?"

"मला काय विचारतोस? मला तर माहीतच होतं मी विकली नाही. ज्यांना तू सांगितलंस, त्यांना सांग."

"सांगेन. पत्र लिहीन सगळ्यांना."

"फोन कर," आत्या म्हणाली. ती आता डोळे पुसून ताठ बसली होती. "फोनवरून सांगितलंस ना? फोनवरूनच निस्तर. बाहेर ओसरीत आहे. बिल माझ्या वाढदिवसाच्या नावावर टाक."

गिजेलाने नवऱ्याला हातात चष्मा आणून दिला, म्हणजे नंबर बघायला अडचण नको. तो गेला. दार उघडंच राहिलं, ते कुणी लावलंही नाही. बाहेरून तबकडी फिरवल्याचा आवाज आला, मग फोल्कमारचा, थोडा मोठ्याने, कारण पलीकडची मावशी बहिरी होती. "नाही, मावशी. विकली नव्हती. चूक माझी. नाही, माझंही चुकीचंच होतं. हो, चरबी. डुकराची. मोठ्याने कसं सांगू, सांगतोय ना."

इर्मट्राउटने बाबांच्या ताटात गोळे वाढले. त्यांनी मधोमध सुरी घातली, आतला तळलेला पावाचा तुकडा बघितला आणि समाधानाने मान हलवली. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मग ते अकॉर्डियन?"

त्यांनी घास घेतला, चावला. "मोटारसायकल."

तिला आठवली. काळी, एका बाजूला खोपटात उभी असायची. रविवारी ते तिला पुढच्या टाकीवर बसवून डोंगरावर न्यायचे. एके दिवशी ती नव्हती. चोरीला गेली, असं आईने सांगितलं होतं, आणि बाबा पुढे आयुष्यभर कारखान्यात पायी गेले.

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू वाजवत होतीस ना. मध्येच काय सांगायचं?"

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. समोर एगॉन आत्याच्या ग्लासात बिअर ओतत होता आणि गिजेला तिसरा गोळा घेत होती. टेबलाच्या मधोमध, मांसाच्या थाळीशेजारी, दोन्ही पिस्तुलं एका टॉवेलवर पडली होती. मखमली पेटी खुर्चीखाली गेली होती.

ओसरीतून फोल्कमार डोकावला, फोन हातात, तार ताणलेली. घामाघूम झाला होता. "काका, एर्फुर्टचे सगळे घरीच आहेत, एकत्र जमलेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. तुमच्या तोंडून ऐकायचं म्हणतात."

आल्विन वेनर्टनी रस्सा पुसून घेतला, घास तोंडात टाकला आणि सुरी वर धरली.

"त्यांना सांग, थांबा," ते म्हणाले. "मी जेवतोय."